तेरियाकीला दहापैकी पाच

किस्से कुणी साठवत नाही, ते आपोआप साठतात. मी पावसाचं माप घेणारा माणूस. रोज सकाळी साडेआठला मापक उघडायचं, पाणी मोजायचं, आकडा लिहायचा. एकेक थेंब पडताना कोण बघत बसतं? सकाळी बघावं तर बारा मिलिमीटर! आमच्या टेबलाचं तसंच झालं. महिन्यातून एकदा चार माणसं एका हॉटेलात एकच डिश खातात, तिला गुण देतात आणि आपापल्या घरी जातात. यात सांगण्यासारखं काय असणार, असं मलाही वाटायचं. परवा वही चाळली आणि थक्क झालो. सव्वीस शनिवार, आणि त्यातला एकही कोरडा नाही!

हॉटेलचं नाव ‘पलटण’. कराडहून सांगलीकडे जाताना सातारा जिल्हा जिथं संपतो, तिथं रस्त्याच्या कडेला आहे. भटारखाना साताऱ्यात आणि टेबलं सांगलीत. “शिजतंय साताऱ्यात, संपतंय सांगलीत!” असं मालक अभिमानानं सांगतात. मालक म्हणजे हणमंत जाधव, रिटायर्ड हवालदार. अठरा वर्षं फौजेत स्वयंपाक केलेला माणूस. सगळे त्यांना हवालदारच म्हणतात. गल्ल्यावर त्यांच्या पत्नी बसतात, त्या आमच्या काकी. हवालदारांचा आवाज परेडवरचा आहे, पण गल्ल्याकडे तोंड झालं की तो निम्मा होतो.

भिंतीवर रंगवलेला मोठा बोर्ड आहे. चिकन हंडी, चिकन सुक्कं, तांबडा, पांढरा, अंडा करी. आणि या सगळ्यांच्या खाली, त्याच जाड अक्षरात, एक जपानी नाव: ‘तेरियाकी चिकन’.

* * *

सुरुवात अशी झाली. कराडला शेतीचं प्रदर्शन भरलं होतं आणि आम्ही चौघं तिथं परीक्षक होतो. आमची आधीची ओळख नव्हती.

महादूअण्णा सांगलीच्या यार्डात तीस वर्षं हळदीची प्रत ठरवतात. हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा, नंबर सांगायचा. त्यांनी सांगितलेल्या नंबरावर कुणी वाद घालत नाही. यशवंत वस्ताद शिराळ्याकडचे, लाल मातीतल्या कुस्त्यांचे पंच. अभ्यंकर बाई वाईच्या. जन्मभर शाळेत शिकवलं, बोर्डाचे पेपर तपासले आणि नंतर पेपर तपासणाऱ्यांचे पेपर तपासले. चौथा मी, माने, शाळकरी मुलांच्या विज्ञानाच्या मॉडेल्सना गुण द्यायला बोलावलेला.

परत येताना चौघांना सोडायला एकच जीप होती, ती आधी सांगलीकडे निघाली, वाटेत भूक लागली, ‘पलटण’ला उतरलो. हवालदारांनी पाणी ठेवता ठेवता विचारलं, “पावणं काय काम करत्यात?”

वस्ताद म्हणाले, “आमी चौघंबी परीक्षक.”

हवालदार थबकले. आत गेले. दहा-पंधरा मिनिटांनी धुतलेला एप्रन घालून बाहेर आले. हातात बोर्डावरच्या त्या तेरियाकीची प्लेट. पांढऱ्या भाताचा गोल ढीग, तपकिरी रसात घोळलेले कोंबडीचे तुकडे, वर भाजलेले तीळ, कडेला बारीक चिरलेला कोबी. कांदा नाही, लिंबू नाही. प्लेट ठेवली आणि ते सावधान उभे राहिले.

“तपासा.”

बाई चिकन खात नाहीत, अंडंही खात नाहीत. त्यांनी वेगळ्या कढईत नुसता रस करायला लावला आणि भातावर घेतला. मग म्हणाल्या, “एकमेकांकडं बघायचं नाही. चिठ्ठीवर लिहा, दहापैकी.” आम्ही खाल्लं. गोडसर, खारट, मागून आल्याची चव. वाईट नाही. आठवण काढावी असंही नाही. चिठ्ठ्या उघडल्या.

पाच. पाच. पाच. पाच.

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. चार गावांची चार माणसं, चार धंदे, आणि अर्ध्या गुणाचाही फरक नाही! हवालदारांनी चारी चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा वाचल्या. आता हे रागावणार, असं मला वाटलं.

“मलाबी पाचच वाटतं!” ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “हाटेल काढल्यापास्नं इचारतोय. लोक म्हणत्यात, लय भारी, लय भारी, आन फुडच्या टायमाला हंडी मागवत्यात. आज कुणीतरी खरं बोललं. फुडच्या म्हैन्यात येताय न्हवं?”

निघताना वस्तादांनी बाईंना विचारलं, “आवं बाई, कोंबडी न खाता तुमी कोंबडीला मार्क कसं दिलं?”

बाई चप्पल घालत म्हणाल्या, “परीक्षकानं परीक्षेला बसायचं नसतं.”

* * *

अण्णांची जीभ काय चीज आहे, हे तिसऱ्या शनिवारी कळलं.

या डिशच्या रसात सोया सॉस, आलं, लसूण आणि गूळ पडतो. अण्णांनी एक तुकडा उचलला, हळकुंडासारखा दोन बोटांत धरून मोडला, उजेडाकडे केला आणि आतला रंग बघितला. मग चाखला. डोळे मिटले.

“हवालदार, गूळ बदलला.”

“न्हाई वो अण्णा, त्योच हाय.”

“ढेप तीच असंल. पर आजचा गूळ तळातला हाय. पाणी सुटलेला.”

काकी गल्ल्यावरून उठल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ढेपेचा तळ होता, ओलसर आणि काळपट. त्यांनी ती ढेप टेबलावर ठेवली. शेजारच्या टेबलावरचे लोक खायचे थांबले. मी वहीत लिहिलं. तीस वर्षं पाऊस मोजतोय, पण पाण्याचा असा हिशोब मी कधी बघितला नव्हता.

हवालदारांनी हात जोडले. “अण्णा, तुमाला साष्टांग! आता सांगा, चिकन कसं झालंय?”

“पाच,” अण्णा म्हणाले.

* * *

या डिशवर हवालदारांचा एवढा जीव का, हे आम्ही बरेच महिने विचारलं नव्हतं. ते सांगितलं काकींनीच, आणि चांगलंच ठसक्यात.

बावीस वर्षांपूर्वी हवालदार शांतिसेनेबरोबर परमुलखात होते. शेजारच्या तंबूंत जपानी तुकडी होती. तिचा स्वयंपाकी यांच्याच वयाचा. यांना त्याची भाषा येईना, त्याला यांची. कांदा दाखवायचा, आलं दाखवायचं, बोटांनी चिमटी-मूठ सांगायची, अशा गप्पा. त्यानं यांना तेरियाकी शिकवलं, यांनी त्याला पिठलं. निघायच्या दिवशी त्यानं आपल्या गावचा पत्ता कागदावर लिहून दिला. यांच्याकडं द्यायला काही नव्हतं, म्हणून रेशनच्या खोक्याची फळी तोडली, तिच्यावर जाड अक्षरांत ‘पिठलं’ लिहिलं आणि ती त्याला दिली.

“आन आमचं ठरलं,” हवालदार म्हणाले. “त्यानं हाटेल काढलं तर माझं पिठलं ठेवायचं. मी काढलं तर त्याचं हे.”

“ठरलं कसं?” काकी म्हणाल्या. “तुमाला त्याची भाषा येत न्हवती!”

“खुणंनं.”

“खुणंनं! त्यो ‘जेवान झालं का’ म्हणून इचारत असंल!”

आम्ही हसलो. हवालदार हसले नाहीत. काकींनी ते बघितलं, पण आता सुरुवात झाली होती. “आमच्याकडं ही डिश कोण मागवतं? ही चार माणसं, म्हैन्यातनं एकदा. त्यासाठी येगळी कढई, येगळा कोबी, तीळ भाजा. फुडच्या दसऱ्याला बोर्ड नव्यानं रंगवायचाय. पनीर तवा इचारत्यात लोक, त्याला जागा न्हाई. तुमी त्याचं नाव हितं भितीवर मिरवताय. त्यानं तुमचं पिठलं ठेवलंय का तिकडं?”

“ठेवलं असंल.”

“असंल!”

 हवालदार म्हणाले, “तू सांग, किती मार्क पडलं तर ठेवशील?”

काकींनी आमच्याकडे बघितलं. “सात. चौघांचंबी सात. दसऱ्याच्या आत.”

“आन खोटं मार्क चालणार न्हाईत,” हवालदार आमच्याकडे वळून म्हणाले. “खोटं दिलं तर माज्या हाटेलात पाय ठिवायचा न्हाई.”

आपल्याच डिशच्या जिवावर उठलेल्या पंचांना एवढी सक्त ताकीद देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही!

* * *

पुढच्या शनिवारी प्लेट आली आणि वास आला तोच वेगळा. वस्तादांनी पहिला घास घेतला आणि मांडीवर थाप मारली. “आयला! ह्यो डाव लागला!”

खरंच, अप्रतिम होतं. नाकातून पाणी आलं, कपाळावर घाम आला, भात संपला तो कळला नाही. मी चिठ्ठीवर आठ लिहिले. अण्णांचे आठ, वस्तादांचे साडेआठ. हवालदार भटारखान्याच्या दारातून डोकावत होते आणि गल्ल्यावर काकी पेन तोंडात धरून बसल्या होत्या.

बाईंनी नुसता रस भातावर घेतला, एक घास खाल्ला, रुमालानं ओठ टिपले.

“हवालदार, यात कांदा-लसूण मसाला आहे.”

हवालदारांनी एप्रनला हात पुसले.

“घरचा?”

“व्हय, बाई. हिच्या हातचा.”

“उत्तर फार सुंदर आहे,” बाई म्हणाल्या. “पण प्रश्न वेगळा होता. शून्य.”

आम्ही तिघांनी आपापल्या चिठ्ठ्या हळूच चुरगाळल्या. बाईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. ते आपलंच चिकन होतं, नाव तेवढं बदललेलं. हवालदारांनी टाचा जुळवल्या, सलाम ठोकला आणि प्लेट उचलून आत गेले. वीस मिनिटांनी दुसरी प्लेट घेऊन आले. कांदा-लसूण मसाला नसलेली.

पाच.

* * *

मग एक दिवस मलाच प्रश्न पडला. पाऊस मोजायला मापक लागतं आणि मापकावर खुणा लागतात. आम्ही चौघं इतके महिने एका पदार्थाला गुण देतोय, आणि खरा पदार्थ आमच्यापैकी एकानंही खाल्लेला नाही! मी हे जीपमध्ये बोललो तेव्हा वस्तादांनी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावली.

“माने,” ते म्हणाले, “म्हंजे आजपातूर आपण बिनआखाड्याची कुस्ती सोडवत हुतो?”

पुढच्याच रविवारी आम्ही पुण्याला गेलो. एका जपानी हॉटेलात. बाईंनी तिथंही वेगळा रस मागितला, आणि तो आणून देणारा गृहस्थ त्यांना इतका घाबरला की त्यानं तो दोनदा आणला.

प्लेट आली. आम्ही कुणीच बराच वेळ हात लावला नाही. त्या तुकड्यांना चकाकी होती! तेलाची नव्हे. नव्या पितळी भांड्याला असते तशी. अण्णांनी एक तुकडा उचलला, पण मोडला नाही, नुसता फिरवून बघितला. तीस वर्षांत त्यांनी माल न मोडता नंबर दिल्याचं कुणी ऐकलं नसेल.

“साडेसात,” ते म्हणाले. आमचेही साडेसातच.

परतीच्या वाटेवर सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न होता. हवालदारांना काय सांगायचं? त्यांना कळवून गेलो होतो, ते वाट बघत असणार. संध्याकाळी ‘पलटण’ला उतरलो तर ते रस्त्यावरच उभे.

“किती?”

वस्ताद मातीकडे बघत म्हणाले, “साडेसात.”

हवालदारांनी डोळे मिटले. “चकाकी हुती का?”

“हुती.”

“मग बरोबर हाय. दोस्ताच्याबी असायची. त्यो शेवटाला कसलीतरी गोड दारू घालायचा. मी फॅमिली हाटेल चालवतो, दारूची बाटली आत यिऊ देत न्हाई. गुळानं गोडी येती, चकाकी येत न्हाई.” मग त्यांनी डोळे उघडले. “म्हंजे मला नीट आठवतंय. बावीस वर्षांनीबी!”

आम्ही त्यांना वाईट बातमी द्यायला आलो होतो, आणि ते आमचे आभार मानत होते. काकी गल्ल्यावर सगळं ऐकत होत्या. त्या दिवशी त्यांनी टोमणा मारला नाही.

* * *

मे महिन्यात हवालदार पलटणीतल्या एका मित्राच्या मुलीच्या लग्नाला म्हसवडला गेले होते. नेमका आमचाच शनिवार. आम्ही परत निघालो तर काकी म्हणाल्या, “बसा की. सगळं तयार हाय.”

प्लेट आली. तसाच भात, तसेच तीळ, तसाच कोबी. खाल्लं. चिठ्ठ्या उघडल्या. तीन. साडेतीन. तीन. साडेतीन.

अण्णा म्हणाले, “आज हात येगळा हाय.”

काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या. “मीच केलंय. रोज बघती त्यास्नी करताना. त्योच गूळ, तीच कढई. कुठं चुकलं?”

कुणाला सांगता येईना. वस्तादांनी प्रयत्न केला. “काकी, हवालदारांच्यात कोंबडी आन रस दोघं बरोबरीत सुटत्यात. कोण कुणाला पाडत न्हाई. तुमच्यात रसानं कोंबडी पाडली.”

काकींनी चिठ्ठ्या उचलल्या, आत गेल्या, आणि अर्ध्या तासानं दुसरी प्लेट आणली. साडेतीन. मग तिसरी. चार! तिसऱ्या प्लेटपर्यंत आमच्या पोटात जागा नव्हती, पण उठायची कुणाची हिंमत नव्हती.

काकी टेकून बसल्या. त्यांच्या हातचा तांबडा रस्सा खायला लोक कोल्हापूर सोडून येतात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्या चिठ्ठ्यांकडे बघत होत्या.

“म्हंजे पाचबी सोपं न्हाईत,” त्या म्हणाल्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या. “माने, हे वहीत लिवू नगा!”

मी पेनाचं टोपण लावलं. आज लिहितोय, ते त्यांना विचारून.

* * *

वस्तादांची पुतणी प्राजक्ता नर्सिंग झालेली. तिला जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करण्याचं काम मिळालं. सहा महिने ती भाषेचा क्लास करत होती. वस्ताद घरी आले की त्यांना जपानीत नमस्कार करायची आणि वस्ताद घाबरून दोन पावलं मागं सरकायचे. जूनमध्ये निघायच्या आधी ती आमच्या टेबलाला आली. आमचा नियम तिला सांगितला, पण आमचे आकडे सांगितले नाहीत. तिनं खाल्लं, विचार केला, चिठ्ठीवर लिहिलं.

पाच.

वस्तादांची छाती दोन इंच फुगली. “आमच्या घरातली हाय!”

हवालदार आत जाऊन आले. त्यांच्या पदकांच्या फ्रेममध्ये मागच्या बाजूला त्या जपानी स्वयंपाक्याचा पत्ता ठेवलेला असतो. त्यांनी त्याची झेरॉक्स काढून आणली होती.

“बाळ, हे गाव तुज्या वाटंवर आलं तरच जा. मुद्दाम न्हाई जायचं.”

प्राजक्तानं कागद वाचला. बावीस वर्षं त्या चौकटीत असलेली अक्षरं कुणीतरी पहिल्यांदाच वाचत होतं! “समुद्रकाठचं गाव आहे, काका,” ती म्हणाली. “भेटले तर काय सांगू?”

हवालदारांनी गल्ल्याकडं बघितलं. “इचार, जेवान झालं का.”

काकी गल्ल्यावर नोटा मोजत होत्या. त्या मोजायच्या थांबल्या.

* * *

घट बसायच्या आधीचा शनिवार. जीप ‘पलटण’च्या समोर थांबली, पण आम्ही कुणी उतरलो नाही. पेंटर शिडी घेऊन आला होता. बोर्डाच्या खाली रंगाचे डबे मांडलेले.

वस्ताद म्हणाले, “जल्मात एक कुस्ती खोटी सोडवली न्हाई मी.”  अण्णा खिडकीबाहेर बघत होते. आणि तेव्हा, ज्यांनी आयुष्यात कुणाला अर्धा गुण जास्त दिला नाही त्या अभ्यंकर बाई, मांडीवरच्या पर्सशी चाळा करत म्हणाल्या, “खोटं कशाला? ग्रेस देता येतात. दोन गुणांपर्यंत. नियमात बसतं.”

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. पाच अधिक दोन सात! एवढं साधं आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

आत जाऊन बसलो. प्लेट आली. खाल्लं. नेहमीचं होतं, तसूभर इकडं नाही, तिकडं नाही. सव्वीस शनिवार हा माणूस एकाच जागी उभा आहे, वाऱ्यानं हलत नाही की पावसानं वाहत नाही, असं मनात आलं. चिठ्ठ्या लिहिल्या. हवालदारांनी उघडल्या.

सात. सात. सात. सात.

काकी उभ्या राहिल्या. पेंटर शिडीवर थांबला. हवालदारांनी चारी चिठ्ठ्या नीट एकावर एक ठेवल्या आणि बाईंच्या पुढ्यात सरकवल्या.

“ह्ये कसं झालं, बाई?”

“पाच आणि दोन ग्रेस,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बारीक होता.

“बाई, ग्रेस नापास पोराला देत्यात. मला पाच हायेत. मी पास हाय.”

 चाळीस वर्षांत बाईंची चूक काढणारा पहिला माणूस माझ्यासमोर एप्रन घालून उभा होता! बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं, चारी चिठ्ठ्यांवरचे सात खोडले, पाच केले आणि प्रत्येकीवर सही केली.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “नियमात बसत नाही.”

हवालदार पेंटरकडे वळले. “रंगव रं.” आणि आत निघून गेले. आतून कोबी चिरायचा आवाज यायला लागला. तेरियाकीची ती शेवटची प्लेट आमच्यासमोर संपली होती, आता कोबी कुणासाठी, हे विचारायला कुणी गेलं नाही. पेंटरनं पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला. काकी उभ्याच होत्या.

वस्तादांचा फोन वाजला. प्राजक्ताचा मेसेज होता. वस्तादांनी बटण दाबलं आणि तिचा आवाज सगळ्या हॉटेलभर झाला.

“तात्या, हवालदारकाका जवळ आहेत का? आज सुट्टी होती, मी त्या गावाला आलेय. ते आहेत! केस पांढरेशुभ्र झालेत, पण शेगडीपाशी स्वतः उभे आहेत. सहा-सात टेबलांचं छोटंसं हॉटेल आहे. मी पिठलं मागितलं. बेसन जरा कच्चं राहतं आणि मिरची नावालाच आहे. दहापैकी पाच. त्यांच्या घरच्या बाई म्हणाल्या, ते इथं कुणी मागवत नाही, महिन्यातून एकदा एक टेबल येतं तेवढंच. फोटो पाठवते.”

आतला कोबीचा आवाज थांबला होता. हवालदार दारात उभे होते, सुरी हातात तशीच.

फोटो आला. काकींनी वस्तादांच्या हातातून फोन घेतला, चष्मा लावला. भिंतीवर ओळीनं लाकडी पाट्या होत्या, त्यावर उभी जपानी अक्षरं. शेवटची पाटी आडवी, खोक्याच्या फळीची, कडेला तुटलेली. तिच्यावर जाड मराठी अक्षरं. काकी त्या अक्षरांकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर करून आपल्या भिंतीवरच्या बोर्डाकडे बघितलं. मग पुन्हा फोनकडे.

पेंटरनं ब्रश उचलला.

“ए गड्या,” काकी म्हणाल्या, “ती वळ ऱ्हाऊ दे. पनीर तवा तिच्या खाली लिव. बारीक अक्षरात.”

 हवालदार भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि आम्ही चौघंही दुसरीकडे बघू लागलो.

वस्तादांनी फोन परत घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, सरकवला, आणखी मोठा केला.

“आवं, ह्ये बगा की,” ते हळूच म्हणाले. “ह्ये मागचं टेबल.”

आम्ही वाकलो. त्या पाटीच्या खाली, कोपऱ्यातल्या टेबलाशी, चार माणसं बसली होती. एका बाईच्या पुढ्यात नुसता भात होता. एक जण चमच्यावरचं पिठलं उजेडाकडे धरून बघत होता. आणि कडेला बसलेला चष्मेवाला माणूस मान खाली घालून एका जाड वहीत काहीतरी लिहीत होता.